मच्छिंद्र रासकर लेफ्ट झाले

इनामगाव ओलांडून घोडनदीच्या काठानं खाली गेलं की मच्छिंद्र रासकरांची दीड एकर शेवंती लागते. माणूस साधा, वय छप्पन्न, आवाज बारीक. गावातला कुठलाही फोटो काढून बघा, हा शेवटच्या ओळीत, उजवीकडून दुसरा, अर्धा कुणाच्या तरी फेट्यामागं गेलेला. गावानं त्याला आयुष्यभरासाठी एकच काम नेमून दिलं होतं, डमीचं.

आता डमी म्हणजे काय ते सांगायला हवं. सोसायटीची निवडणूक लागली की मारुतराव आप्पांच्या पॅनेलचे तेरा जण अर्ज भरायचे. पण छाननीत एखाद्याचा अर्ज उडाला तर? म्हणून जोडीला एक राखीव अर्ज लागायचा, आणि तो अशा माणसाचा की ज्याला उभं राहायची हौस चुकूनसुद्धा येणार नाही. गावात असा माणूस एकच. मच्छिंद्रनं सही करायची, छाननीला मागच्या बाकावर बसायचं, आणि माघारीच्या दिवशी फोन आला की आप्पांच्या जीपमधून शिरूरला जाऊन अर्ज मागं घ्यायचा. अशा पाच निवडणुका त्यानं काढल्या. एकदा येताना त्याला मिसळ खाऊ घातली होती. त्याचा राजकारणातला लाभ म्हणाल तर तेवढाच.

बरं, एवढा शांत माणूस, तर घरी तरी शांतता असावी. पण कसचं काय! पोरगा सत्यजीत रांजणगावला कंपनीत, शिफ्टवर. त्यानं बापाला मोठा फोन घेऊन दिला आणि नदीकाठच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवून दिला. तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. लाईट आली की मोटारीचा फोन यायचा. त्यातली बाई गोड आवाजात सांगायची, "आपली मोटार चालू झाली आहे." मच्छिंद्र म्हणायचा, "हां हां." लाईट गेली की पुन्हा तीच बाई, "आपली मोटार बंद झाली आहे." पुन्हा "हां हां." अहो, रेकॉर्ड केलेल्या बाईला कुणी उत्तर देतं का? हा द्यायचा. वर फोन ठेवताना "ठेवतो" असंही म्हणायचा.

त्यात चौतीस ग्रुप. शेवंती उत्पादकांचा एक, दहावीच्या बॅचचा एक, 'सोसायटी सभासद' आणि त्यातून फुटलेला 'सोसायटी सभासद (खरे)', 'रासकर भावकी' आणि त्यात भांडणं झाल्यावर काढलेला 'रासकर भावकी (वाद नको)'. वाद याच दुसऱ्या ग्रुपवर जास्त व्हायचे. मच्छिंद्र सकाळी उठला की चूळ भरायच्या आधी चौतीस ठिकाणी नमस्कार घालायचा. नाही घातला तर माणसं विचारायची, काय, राग बिग आलाय का?

त्याची बायको साखरबाई बोलकी. बोलकी म्हणजे किती, तर म्हशीचं दूध काढताना म्हशीशी बोलेल, आणि म्हैस ऐकेल. नवरा मात्र ऐकेनासा झाला. शेवटी तिनं आपल्या बटणाच्या फोनवरून त्याला सैपाकघरातून फोन लावायला सुरुवात केली. हा ओसरीवर बसलेला असायचा, मधे एक भिंत. "अवो, जेवायला या." "हां हां, आलो." आणि यायचासुद्धा! तोंडानं हाक मारली तर यायचा नाही. तिलाही सुरुवातीला गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली.

एका सकाळी दोघं फुलं तोडून क्रेटमध्ये भरत होते. म्हणजे ती भरत होती. हा बांधावर उकिडवा बसून 'वाद नको' वरचा वाद वाचत होता. साखरबाईनं चार गोष्टी सांगून बघितल्या. हा चार वेळा "हां हां" म्हणाला. मग तिनं हातातली फुलं खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "अवो, म्या मेले तर तुमाला कळंल का?"

"हां हां," मच्छिंद्र म्हणाला. "करू की."

आणि त्यानं अंगठा वर केला. खरा अंगठा, हवेत.

साखरबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली, क्रेट भरले, टेम्पोत चढवले, भाकरी थापल्या, सगळं केलं. फक्त बोलली नाही. आणि याला ते कधी कळलं? दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनची बॅटरी संपल्यावर.

"काय गं, गप का?" त्यानं विचारलं.

"काल इचारलं व्हतं. तुमी 'करू की' म्हणला."

"काय इचारलं व्हतं?"

तिनं सांगितलं. मच्छिंद्रचा चेहरा पडला. हातात घास तसाच राहिला. छत्तीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या मरणाला आपण अंगठा दाखवला! त्याला इतकी लाज वाटली की ताटावरून उठावं की बसावं ते कळेना.

"मग आता इचार परत," तो म्हणाला. "आता ऐकतो."

"न्हाई," साखरबाई म्हणाली. "तसल्या माणसाला न्हाई इचारायची म्या. ज्या दिवशी रिकामा माणूस गावंल, त्या दिवशी इचारीन."

झालं. त्या दिवसापासून मच्छिंद्रला दुसरं काही सुचेना. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे, बस. त्याशिवाय घास गोड लागायचा नाही. त्यानं मोटारीचा मोबाईल स्टार्टर काढून टाकला आणि जुनं हिरवं-लाल बटण बसवलं. फोन बायकोच्या हवाली करायचं ठरवलं. फक्त त्याआधी, नीट निरोप घेऊन जावं या भल्या विचारानं, तो चौतीस ग्रुपमधून बाहेर पडायला बसला.

सत्यजीत तेव्हा शिफ्ट करून आलेला. त्यानं बापाचा हात धरला. "आण्णा, म्यूट करा. लेफ्ट हू नका. निवडणूक लागलीय, तुमचा डमीचा अर्ज भरलेला हाय. लोकं काय म्हणतील?"

"मला शांतता पायजे, त्यात लोकांचं काय?" मच्छिंद्र म्हणाला, आणि सगळीकडं एकच मजकूर टाकला: 'मला शांतता हवी आहे. माझा कुणावर राग नाही.' आणि बाहेर पडला. मग फोन साखरबाईच्या हातात दिला. तिनं तो ज्वारीच्या कोठीत खोल खुपसला आणि वर झाकण घातलं.

इकडं गावात हाहाकार. गावाकडं ग्रुपमधून लेफ्ट होणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? माणूस घरातून पळून गेला तर गाव एक दिवस बोलतं. ग्रुपमधून गेला तर फूट पडते. चावडीवर त्या एका ओळीचा अर्थ लावायला माणसं बसली. 'माझा कुणावर राग नाही' म्हणजे राग आहे. नसता तर लिहिलं कशाला असतं? आणि 'शांतता हवी आहे' म्हणजे तर फारच पुढचं काहीतरी. पंचवीस वर्षं शांत असलेल्या माणसाला आणखी शांतता कशाला लागते? काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मारुतराव आप्पा दारात. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागं दोन माणसं. या आप्पांनी आजवर मच्छिंद्रला 'ए मच्छ्या'च्या वर कधी हाक मारली नव्हती. ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मच्छिंद्रराव, काय चुकलं आमचं?"

मच्छिंद्रनं मागं वळून बघितलं, हा मच्छिंद्रराव कोण आलाय म्हणून.

"काय न्हाई आप्पा. मला फक्त शांतता पायजे."

"बरूबर," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोळे बारीक केले. "कुणी काय शब्द दिलाय का?"

"कुणाचं न् कुणाशी बोलणं न्हाई. फोनच कोठीत हाय."

आप्पांनी माणसांकडं बघितलं. माणसांनी आप्पांकडं. फोन कोठीत! केवढी ही तयारी! बोलणं पकडलं जाऊ नये म्हणून माणसानं फोनसुद्धा पुरून ठेवलाय. आप्पांच्या मनात त्या क्षणी मच्छिंद्रबद्दल जो आदर निर्माण झाला, तो त्यांच्या स्वतःच्या पोराबद्दलही कधी झाला नव्हता.

"माघारीचं कसं करायचं आप्पा?" मच्छिंद्रनं विचारलं. "शुक्रवारी हाय न्हवं?"

आप्पांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. "तुमी काय करू नका. तुमी फकस्त शांत बसा."

मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला, शांत बस, असं इतक्या मायेनं सांगत होतं.

आप्पांची जीप वळते न वळते तोच दुसऱ्या पॅनेलचे जयसिंग आले. हे तरुण नेते, गळ्यात उपरणं, बोलताना हनुवटी वर. "मामा," ते म्हणाले, "तुमी आप्पांचा ग्रुप सोडला, आमी समजलो. आमी काय दूधखुळे न्हाई."

"अवो, म्या तुमचाबी सोडला."

"त्येबी समजलो." जयसिंगनं डोळा मारला. "संशय यायला नको म्हणून. मामा, मानलं तुमाला. आता एकच करा. शुक्रवारपर्यंत शांत बसा."

आता मच्छिंद्रला कुणी सांगावं! त्याला वाटलं, गाव सुधारलं. आपण उगाच इतकी वर्षं गावाला नावं ठेवली.

शुक्रवारी तो सकाळपासून नदीकाठी मोटारीपाशी जाऊन बसला. बटण दाबलं, पाणी सोडलं, आणि साखरबाई चहा घेऊन येईल, समोर बसेल, विचारेल, याची वाट बघत राहिला. दिवस कलल्यावर ती आली. चहा दिला. त्याच्याकडं निरखून बघितलं. तो अगदी रिकामा होऊन बसला, हात मांडीवर, तोंड तिच्याकडं. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसतात तसा.

साखरबाईला हसू आलं. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "चेअरमनसाहेब!"

झालं होतं असं. शिरूरच्या कचेरीत दोन्ही पॅनेलांची तडजोड झाली. सहा तुमचे, सहा आमचे, बाकीच्यांची माघार. भांडण उरलं तेराव्या जागेवर. दोघांचाही तिथं एकेक उमेदवार, आणि तिसरा कुणाला न विचारता पडून असलेला मच्छिंद्रचा डमी अर्ज. आप्पांनी हिशेब केला, मच्छिंद्र तर आपलाच डमी, माघारीचंसुद्धा आपल्यालाच विचारणारा. जयसिंगनं हिशेब केला, मच्छिंद्र तर आप्पांना सोडून आपल्याकडं आलेला. दोघांनीही मोठ्या मनाचा आव आणला. "गावाच्या एकीसाठी आमचा उमेदवार मागं घेतो," आप्पा म्हणाले. "मग आमीबी घेतो," जयसिंग म्हणाले. तीन वाजले, माघारीची मुदत संपली. बाहेर येऊन दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून हसले. सहा-सहाच्या बरोबरीत तेरावा ज्याचा, सोसायटी त्याची; तेव्हा चेअरमन कोण होणार हे तिथंच ठरल्यासारखं होतं. पुढं संचालकांच्या सभेत नाव सुचवायची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदमच मच्छिंद्रचं नाव घेतलं. नावाला विरोध करायला माणूसच उरला नाही.

सत्काराला मच्छिंद्रला दोन फेटे बांधले, एकावर एक. आप्पांनी शाल घालून एक नवा कोरा फोन दिला. जयसिंगनं त्याहून मोठा फोन दिला. टाळ्या झाल्या. फोटोत तो पहिल्यांदाच मधोमध आला, आणि त्यात त्याचा चेहरा गाढव हरवलेल्या माणसासारखा आलाय. साखरबाईनं दोन्ही फोन खोक्यांसकट फडताळावर ठेवून दिले.

आणि मग खरी दैना सुरू झाली. चेअरमनला फोन लागत नाही, मग माणसं करणार काय? घरी यायला लागली. सोसायटीच्या गोदामात खताच्या गोण्या आल्या की विचारायला, आल्या नाहीत की विचारायला. आप्पांची माणसं ओसरीवर डावीकडं बसायची, चेअरमन आपला म्हणून. जयसिंगची उजवीकडं, तेही आपला म्हणून. दोघं मच्छिंद्रच्या तोंडाकडं बघत बसायचे. तो काही बोलला नाही की म्हणायचे, "काय डोकं हाय बघा! एक शब्द बाहेर काढत न्हाई." सकाळी सहापासून दिवे लागेपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नाही. म्हशीचं सगळं दूध चहात जायला लागलं. साखरबाई चुलीपुढं आणि गॅसपुढं अशी दोन्हीकडं उभी. बोलायचं कुणाशी? म्हशीशीसुद्धा वेळ मिळेना.

एका दुपारी ओसरी गच्च भरलेली. खताचा तंटा रंगात आलेला. साखरबाई सैपाकघराच्या दारात आली, पदराला हात पुसला आणि त्या गलक्यातून नवऱ्याला काहीतरी म्हणाली. मच्छिंद्रला तिचे ओठ हललेले दिसले. पण डावीकडून एक ओरडत होता, उजवीकडून दुसरा.

"हां हां," मच्छिंद्र म्हणाला.

आणि त्याचा त्यालाच घाम फुटला. हातात फोन नव्हता. चौतिसांतला एक ग्रुप नव्हता. मोटारीतली बाई नव्हती. तरी 'हां हां' निघालंच! म्हणजे ते फोनमध्ये नव्हतंच की काय मेलं? ते आपल्याच जिभेवर वस्तीला आलं होतं. त्यानं दाराकडं बघितलं. साखरबाई आत निघून गेली होती.

आत कोठीचं झाकण वाजलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती जुना फोन घेऊनच. पदरानं त्याच्यातली ज्वारी झटकली, चार दाणे तरी ओसरीवर सांडले. फोन कोपऱ्यात चार्जिंगला लावला, सुरू झाल्यावर सगळ्यांच्या देखत नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि आत गेली. माणसांनी एकमेकांना कोपरं मारली. चेअरमनचा फोन कोठीतून निघाला! आज काहीतरी मोठं होणार.

फोन वाजला.

मच्छिंद्रनं उचलला. ओसरीवर एवढी शांतता झाली की भिंतीपलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"अवो, म्या बोलतीय," साखरबाई म्हणाली. "सैपाकघरातनं."

"व्हय."

"तुमाला मगाशी काय म्हणले म्या?"

मच्छिंद्रनं ओठ ओले केले. "ऐकू न्हाई आलं. उगंच हां म्हणलो."

ती म्हणाली, "बरं. खरं बोलला. चहा घेऊन मोटारीवर चाललीय म्या, मागच्या दारानं. या. एकट्यानं या."

मच्छिंद्र उठला. बायको बोलावतेय म्हणून तो उठला असता तर दहा जणांनी धोतर धरून बसवला असता. पण तो म्हणाला, "म्हत्त्वाचा फोन हाय," आणि गर्दी आपोआप दुभंगली. माणसांनी पाय आखडते घेतले. डावीकडचे उजवीकडच्यांकडं बघू लागले, उजवीकडचे डावीकडच्यांकडं. तुमच्यातल्या कुणी लावला फोन? मच्छिंद्रनं फोन ओसरीवरच्या खुर्चीत ठेवला, आपल्या जागेवर, आणि चपला घालून निघाला. मागं कितीतरी वेळ ती सगळी मंडळी त्या खुर्चीतल्या फोनभोवती अदबीनं बसून राहिली.

नदीकाठी मोटार चालू होती. साखरबाईनं पितळी किटली खाली ठेवली होती आणि दोन कप. मच्छिंद्र समोर बसला. इन्स्पेक्टरपुढं बसतात तसा नाही, दमून बसतात तसा.

"म्या मेले तर तुमाला कळंल का?" तिनं विचारलं.

किती दिवस ज्याची वाट बघितली तो प्रश्न आला. "व्हय, कळंल की" असं तो म्हणणारच होता. पण तेही 'हां हां'च झालं असतं.

"लगीच न्हाई कळायचं," तो म्हणाला. "परवापातूर तर कळलंच नसतं. खोटं कशाला बोलू."

"आन् आता?"

"आता... तू बोलायची थांबली की कळंल."

साखरबाईनं त्याच्याकडं रोखून बघितलं. "बघू मग," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

मच्छिंद्रला वाटलं, ठीक आहे. त्यानं पाण्याकडं बघितलं. तेवढ्यात लाईट गेली, मोटार घरघरून थांबली आणि नुसती नदी ऐकू यायला लागली. ती बोलली नाही. त्यानं एक काडी उचलली, मोडली. ती बोलली नाही. त्यानं वळून बघितलं. ती डोळे मिटून, मान जराशी कलती करून, बांधाला टेकून बसली होती. फुलं तोडून पिवळी झालेली बोटं मांडीवर मोकळी पडलेली.

"अगं," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"अगं, साखरे." त्याचा आवाज चिरकला. "अगं, बोल की. अगं, काय झालं तुला?" त्यानं पुढं होऊन तिचा दंड गच्च धरला आणि गदागदा हलवला. "साखरे!"

साखरबाईनं एक डोळा उघडला.

"कळलं म्हणायचं," ती म्हणाली. मच्छिंद्रला हसावं की रडावं कळेना, आणि तो चांगला मोठ्यानं रडला, छप्पन्न वर्षांचा चेअरमन. तिनं किटलीतला चहा त्याच्या कपात ओतला आणि म्हशीला कालपासून कमी दूध का येतंय ते सविस्तर सांगायला सुरुवात केली.